दहा लाख चारशे एकवीस

सुपा,
४ जून २०२५

आदरणीय सर,

रुपाली औटीचा नमस्कार. पारनेरच्या शाळेत आठवी ‘ब’ला, वर्गमूळ काढताना जीभ बाहेर काढते म्हणून तुम्ही जिला हसायचात, ती मी. परवा तुमच्या घरी फोन केला. मरियाबाई म्हणाल्या, “सरांना फोनवर शब्द कळत नाही गं, कानातलं यंत्र नुसती शिट्टी मारतं. तू पत्र घाल. पत्राला ते उत्तर देतात.” पत्ताही त्यांनीच दिला.

मी आता सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात आहे. लोखंडी रिंगा मोजते. माप बरोबर असेल तर रिंग पुढे जाते, नाहीतर लाल पेटीत. नोकरी करता करता बी.एड. झालं आणि मार्चमध्ये एका शिक्षण संस्थेची गणित शिक्षकाची परीक्षा दिली. जागा एकच. यादीत मी दुसरी आले. पहिलीला सत्याऐंशी, मला शहाऐंशी.

गंमत अशी की माझा एक गुण चुकून कापलाय. प्रश्न होता: खालीलपैकी मूळ संख्या कोणती? पर्यायात १०,००,४०७ (तीनने भाग जातो), १०,००,४२१, १०,००,४२५ (शेवटी पाच) आणि ‘यापैकी नाही’. मी ‘यापैकी नाही’वर खूण केली. उत्तरतालिका म्हणते, १०,००,४२१ ही मूळ संख्या आहे. सर, ती नाही! हा प्रश्न ज्याने कोणी काढला, त्याने आकडा दिसायला देखणा म्हणून उचलला असणार, भाग जातो की नाही ते बघितलेलंच नाही.

मी परवाच हरकत घेतली. पण अर्जात प्रश्नाचा क्रमांक आणि आपला पर्याय, एवढ्या दोनच चौकटी. कारण लिहायला जागाच नाही. कार्यालयात म्हणाले, ज्येष्ठ गणित शिक्षकाचं सहीचं पत्र वीस तारखेपर्यंत आणलंत तर विचार करू. माझ्यापुढे तुमच्याशिवाय दुसरं नाव आलं नाही.

अवयव मी मुद्दाम लिहीत नाही. दुसऱ्याच्या पाटीत बघून गणित येत नाही, हे तुमचंच म्हणणं. तुम्ही काढा, आणि मग माझ्यासाठी चार ओळी लिहा.

तुमची विद्यार्थिनी,
रुपाली


राहुरी,
९ जून २०२५

चि. रुपाली,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. तू शिक्षिका व्हायला निघालीस याचा आनंद झाला. तुझी आठवण आहे. वर्गमूळ तुझं कधी चुकलं नाही.

मात्र ज्या कामासाठी तू लिहिलंस, त्यात मी तुला साथ देऊ शकत नाही. १०,००,४२१ ही संख्या माझ्या चांगल्या परिचयाची आहे. तिचं वर्गमूळ हजाराच्या किंचित पुढे जातं, म्हणून हजाराखालच्या सर्व मूळ संख्यांनी भाग देऊन पाहावा लागतो. अशा मूळ संख्या एकशे अडुसष्ट. ते एकशे अडुसष्ट भागाकार हाताने, कागदावर, एकही न गाळता झालेले आहेत. कुठेही बाकी शून्य आलेली नाही. परीक्षेच्या घाईत तुझी कुठेतरी गफलत झाली असावी.

एक गुण गेला म्हणून प्रश्न काढणाऱ्यावर इतक्या सहज बोलू नये. त्यानेही कष्ट घेतले असतील. हरकत मागे घे. पुढच्या परीक्षेत तू पहिली येशील, याबद्दल मला शंका नाही.

येथे सर्व ठीक. मरियाने आशीर्वाद सांगितले आहेत.

तुझा,
कृपादान भिंगारदिवे


सुपा,
१३ जून २०२५

आदरणीय सर,

पत्र वाचून हसू आलं आणि थोडा रागही आला. हसू यासाठी की तुम्ही अजून ‘गफलत’ म्हणता. राग यासाठी की तुम्ही स्वतः गणित केलेलं दिसत नाही. कोणीतरी भागाकार केले होते असं लिहिता. मी रोज आठशे रिंगा मोजते. आधीच्या पाळीने पास केली म्हणून मी एकही रिंग पुढे ढकलत नाही.

तर घ्या, अवयवच देते.

परीक्षेत एकशे अडुसष्ट भागाकारांना वेळ कुठला? मी दुसरी वाट धरली. एखादी विषम संख्या दोन अवयवांची असेल, तर ती दोन वर्गांची वजाबाकी म्हणून मांडता येते. म्हणून हजाराच्या पुढचे वर्ग घ्यायचे, त्यातून आपली संख्या वजा करायची, आणि उरलेला आकडा पूर्ण वर्ग आहे का बघायचं.

१००१ चा वर्ग १०,०२,००१. वजाबाकी १,५८०. वर्ग नाही.
१००२ चा वर्ग १०,०४,००४. वजाबाकी ३,५८३. नाही.
१००३ चा वर्ग १०,०६,००९. वजाबाकी ५,५८८. नाही.
१००४ चा वर्ग १०,०८,०१६. वजाबाकी ७,५९५. सत्याऐंशीच्या वर्गापेक्षा सव्वीसने जास्त, तरी नाही.
१००५ चा वर्ग १०,१०,०२५. वजाबाकी ९,६०४. आणि सर, ९,६०४ म्हणजे अठ्ठ्याण्णवचा वर्ग!

म्हणजे आपली संख्या झाली १००५ चा वर्ग वजा ९८ चा वर्ग. (१००५ – ९८) गुणिले (१००५ + ९८). ९०७ गुणिले ११०३. पाचव्या वर्गाला सापडली. शेजारच्या बाकावरची बाई माझ्याकडे बघायला लागली, कारण माझी जीभ बाहेर आली होती.

तुमचे ते भागाकार करणारे गृहस्थ ९०७ पर्यंत पोचले होते का, तेवढं त्यांना विचारा. आणि पत्र वीस तारखेच्या आत पाठवा, एवढी विनंती.

रुपाली


सुपा,
२ जुलै २०२५

सर,

वीस तारीख गेली. तुमचं पत्र आलं नाही. मी रोज कारखान्यातून आल्यावर दाराच्या कोयंड्यात बघत होते.

अठ्ठावीसला संस्थेचा निकाल आला. हरकत फेटाळली. कारण असं छापलंय: ‘सदर प्रश्न श्री. कृपादान भिंगारदिवे यांच्या प्रश्नसंग्रहातील असून लेखकांनी उत्तर कायम असल्याचे लेखी कळविले आहे.’

मी दोनदा वाचलं. मग सासूबाईंना वाचून दाखवलं. मालनबाईंना वाचता येत नाही, पण माणूस वाचता येतो. त्या म्हणाल्या, “आगं, त्यो म्हातारा मानूस हाय. आपलं खोटं पडल्यालं कबूल करायला लई जड जातंय. पर तुजं खरं हाय न्हवं? मंग त्येला ईचार.”

मी रजा टाकून संस्थेत जाऊन आले. कागदावर ९०७ गुणिले ११०३ करून दाखवलं. कारकुनाने कागद बघितलाही नाही. म्हणाला, “भिंगारदिवे सरांपुढं आम्ही कोण गणित करणार, मॅडम?”

म्हणून आता तुम्हालाच विचारते. पहिल्या पत्रात मी प्रश्न काढणाऱ्याला नावं ठेवली, ते तुम्ही आहात हे मला ठाऊक नव्हतं. त्याबद्दल माफी मागते. पण १३ तारखेचं पत्र तुम्हाला मिळालं होतं का? एवढंच सांगा. मिळालं नसेल तर माझी काही तक्रार नाही.

रुपाली


राहुरी,
६ जुलै २०२५

चि. रुपाली,

तुझं १३ तारखेचं पत्र मला सोळा जूनला मिळालं. उघडून मी उभ्या उभ्याच गुणाकार केला. १०,००,४२१ आलं. मग बसून पुन्हा केला.

तू विचारलंस त्याहून जास्त सांगायला हवं, म्हणून सगळं लिहितो.

१९७३ साल. मी पंचवीस वर्षांचा, नोकरीला नुकता लागलेलो. शिक्षणाधिकारी तपासणीला आले आणि वर्गासमोर म्हणाले, “मास्तर, दहा लाखांच्या पुढची एखादी मूळ संख्या येते का सांगता?” मला येत नव्हती. वर्ग हसला. पुढच्या मे महिन्याची सगळी सुट्टी मी त्यावर घालवली. दहा लाखांच्या पुढे चार, दोन, एक, असा निम्मा निम्मा होत जाणारा आकडा मला आवडला होता. हे तू बरोबर ओळखलंस, देखणा म्हणूनच उचलला. पण भागाकार मात्र केले. एकशे अडुसष्टच्या एकशे अडुसष्ट. पुढच्या तपासणीला तो आकडा फळ्यावर लिहिला, तेव्हा साहेबांनी वर्गासमोर माझा हात हातात घेतला. तेव्हापासून तालुक्यात तो ‘भिंगारदिवे मास्तरांचा आकडा’ झाला. १९८५ मध्ये प्रश्नसंग्रह छापला, त्यात तो घातला.

तुझं पत्र आल्यावर ट्रंकेतून ती वही काढली. एकशे पंचावन्नावा भागाकार ९०७ चा आहे. शेवटच्या पायरीला २,७२१ उरतात. नऊशे सात त्रिक सत्तावीसशे एकवीस. सात त्रिक एकवीस, हातचे दोन. मी हातचा एकच घेतला, २,७११ लिहिले आणि बाकी दहा काढली. अक्षर सुंदर आहे. हातचा चुकला आहे.

इथवर माणसाची चूक. यापुढचं मात्र चुकीत मोडत नाही.

१९९१ साली एका पुस्तकात वाचलं की चारने भागून एक उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते. १३ म्हणजे ४ अधिक ९. २९ म्हणजे ४ अधिक २५. माझ्या आकड्यालाही चारने भागून एकच उरतो. मी आनंदाने त्याचे दोन वर्ग शोधायला बसलो. नाताळची सुट्टी होती. घरी पाहुणे, आणि मी एकापासून सातशे सातपर्यंत एकेक वर्ग वजा करत होतो. सापडले नाहीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं. कदाचित कळलंही. मी स्वतःला सांगितलं की या शोधण्यात कुठेतरी चुकलो असेन, आणि वही मिटली. त्यानंतर तो आकडा मी कुठल्याही वर्गाला सांगितला नाही. तुमच्या वर्गालाही नाही. संग्रहातून मात्र काढला नाही. काढला असता तर कोणीतरी कारण विचारलं असतं.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी तुला खोटं लिहिलं नाही, पण खरंही लिहिलं नाही. अकरा जूनला संस्थेचं विचारणापत्र आलं. मी न तपासता ‘कायम’ असा शब्द लिहून सही केली. सोळाला तुझं पत्र आलं. वीसपर्यंत चार दिवस होते, निकालापर्यंत बारा. राहुरीहून संस्थेचं कार्यालय बसने तासाभरावर आहे. मी गेलो नाही. रोज सकाळी कपडे करायचो आणि व्हरांड्यात बसायचो. मरियाने शेवटी विचारलं, “कुठं जायचंय तुम्हाला? रोज बूट घालून बसता.” मला तिलाही सांगता आलं नाही. काल सांगितलं. ती म्हणाली, “मग बूट घातलेच आहेत तर जा.”

उद्या सोमवार. जातो. तुझ्याकडे क्षमा आज मागत नाही. काम झाल्यावर मागेन.

कृपादान भिंगारदिवे


सुपा,
१० जुलै २०२५

आदरणीय सर,

ते बारा दिवस मला अजून टोचतात. हे लिहिलं नाही तर मीही तुमच्यासारखं लपवलं असं होईल, म्हणून आधी लिहून टाकते.

आता आकड्याबद्दल. तुम्ही दोन वर्ग शोधताना चुकला नव्हतात. ते तुमचं सगळ्यात अचूक काम होतं. ९०७ ला चारने भागा, तीन उरतात. ११०३ ला भागा, तीन उरतात. दोन्ही अवयव असे असले की त्यांच्या गुणाकाराला चारने भागून एक उरतो, पण तो दोन वर्गांची बेरीज कधीच होत नाही. कितीही शोधा. तुम्ही सातशे सातपर्यंत गेलात आणि काही सापडलं नाही, म्हणजे तुमची एकही वजाबाकी चुकलेली नव्हती! चुकीच्या मोजणीवर विश्वास ठेवलात आणि बरोबर मोजणीवर संशय घेतलात.

मी जेवणाच्या सुट्टीत त्याची आणखी माहिती काढली. दोनच मूळ संख्यांचा गुणाकार, त्यामुळे स्वतःला सोडून विभाजक तीनच: १, ९०७ आणि ११०३. त्यांची बेरीज २,०११. दहा लाखांच्या आकड्याच्या मानाने अगदीच तुटपुंजी, म्हणून ही न्यून संख्या. आणि २,०११ मात्र खरोखर मूळ संख्या आहे. त्रेचाळीसपर्यंत भागून बघितलं, हातचे नीट घेतले.

मूळ संख्या नसली म्हणून आकडा वाईट होत नाही, सर. मला तर तो आता जास्त आवडतो.

संस्थेत काय झालं ते कळवा.

रुपाली


राहुरी,
१५ जुलै २०२५

चि. रुपाली,

सोमवारी संस्थेत गेलो. सचिव आप्पासाहेब माझे जुने ओळखीचे. खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हणालो, “चहा नंतर. आधी खडू द्या.” त्यांच्या खोलीत फळा नव्हता, म्हणून शेजारच्या वर्गात गेलो. ९०७ गुणिले ११०३ करून दाखवलं. कारकूनही दारात उभा होता.

आप्पासाहेब माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, “सर, पन्नास वर्षांचा आकडा आहे. यादी लागली आहे. राहू द्या ना. तुमचं नाव जाईल.”

मी म्हणालो, “नाव माझं आहे, ते मी घालवतो. त्या मुलीचा गुण तुमचाही नाही आणि माझाही नाही. तो तिला द्या.” तिथेच बसून लेखी दिलं: माझं उत्तर चूक, अकरा जूनचं पत्र मी न तपासता लिहिलं. मग चहा घेतला. तो गार झाला होता.

उत्तरतालिका दुरुस्त होते आहे. तुझे सत्याऐंशी होतील आणि पहिल्या आलेल्या मुलीचे शहाऐंशी.

ती मुलगी राहुरीचीच, निकिता म्हसे. तिला हे टपालाने कळावं असं मला वाटलं नाही. बुधवारी तिच्या घरी गेलो. दारात पेढ्यांचा रिकामा बॉक्स दिसला, त्यात तिच्या आईने लसूण ठेवला होता. मी सगळं सांगितलं. निकिता मला ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाली, “सर, मला त्या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. तुमच्या पुस्तकात होतं, म्हणून खूण केली. तपासलं नाही. तुमचं चुकेल असं कसं वाटणार?”

रुपाली, तुझ्या सगळ्या पत्रांनी मला जेवढं लागलं नाही, तेवढं हे लागलं. मी तिच्या आईवडिलांसमोर तिची क्षमा मागितली. तिने केली की नाही, मला समजलं नाही. निघताना तिने विचारलं, “त्या पुस्तकात अजून किती चुका आहेत?” मी म्हणालो, “माहीत नाही.” ती म्हणाली, “मग बघायला पाहिजे.” शनिवारी ती वही घेऊन माझ्याकडे आली.

आता तुझी क्षमा मागतो. तुझा गुण मी अडवला. वेळ होता आणि मी गप्प बसलो. मला क्षमा कर.

कृपादान भिंगारदिवे


सुपा,
३ ऑगस्ट २०२५

आदरणीय सर,

क्षमा कधीच केली. शुक्रवारी शाळेत रुजू झाले. कारखान्यात शेवटच्या दिवशी बायकांनी मला एक रिंग दिली. लाल पेटीतली, नाकारलेली. म्हणाल्या, “पास झालेली न्यायला परवानगी नाय, मॅडम.” मालनबाई शेजारणीला सांगत होत्या, “आमची सून आकड्यांची मास्तरीन झाली. मास्तराचा आकडा मोडून मास्तरीन झाली.” मी म्हटलं, असं सांगू नका, सरांनी स्वतः मोडला. त्या म्हणाल्या, “व्हय, मग ते पन सांगते.” आणि त्यांनी ते पण सांगितलं.

मला नववीचे दोन वर्ग मिळालेत. पहिल्याच तासाला फळ्यावर १०,००,४२१ लिहिलं आणि विचारलं, ही मूळ संख्या आहे का? अर्ध्या वर्गाने हो म्हटलं, अर्ध्याने नाही. मी सांगितलं, हात वर करून काही ठरत नाही, कागद घ्या. दोन दिवस झाले, अजून भागताहेत. एक गट सहाशे एकपर्यंत पोचलाय.

निकिताचं मनातून जात नाही. जागा माझी होती हे मला पक्कं माहीत आहे, तरी तिच्या घरी आधी पेढे वाटले गेले होते हेही खरं. तिला पत्र लिहू का? की ते जखमेवर मीठ होईल?

आणि सर, मुलांना तुम्हाला बघायचंय. तुमच्या त्या वहीतलं एकशे पंचावन्नावं पान त्यांना दाखवाल का? नाही म्हणालात तरी मी समजेन.

तुमची,
रुपाली


राहुरी,
९ ऑगस्ट २०२५

चि. रुपाली,

दाखवीन. वही देऊनही टाकीन. तुझ्या शाळेच्या कपाटात तिचा जास्त उपयोग होईल.

संग्रहात सहाशे बारा प्रश्न आहेत. निकिता आणि मी चारशे तपासले. आणखी तीन चुका सापडल्या. दोन तिने काढल्या, एक मी. ती माझ्यावर आता मुळीच विश्वास ठेवत नाही. मी ‘बरोबर’ म्हटलं की ती वही माझ्यापुढून ओढून घेते आणि स्वतः करते. असं शिकवायला मला सबंध नोकरीत जमलं नव्हतं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका संस्थेची परीक्षा आहे, तिची तयारी चालू आहे. यावेळी मी तिला एकही उत्तर सांगितलेलं नाही.

तू पत्र लिहू का असं विचारलंस, ते मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “पत्र कशाला? मीच येते.” मंगळवारी, बारा तारखेला, सकाळच्या बसने आम्ही दोघं निघतो. तुझं ते वर्गांच्या वजाबाकीचं गणित मी तिला शिकवायला निघालो होतो, तर म्हणाली, “तुम्ही नको, सर. जिने काढलं तिच्याकडून शिकते.”

तेव्हा स्टँडवर घ्यायला येऊ नकोस, तास बुडेल. मागच्या बाकावर दोघांची जागा ठेव. मला ऐकू येत नाही म्हणून पुढे बसवू नकोस. मी फळा वाचेन.

तुझा,
कृपादान भिंगारदिवे